अंबाक्काचं वजन उतरलं

कसबा बावड्यातल्या मीनाबाई कांबळेला लोक लांबून चालीवरनं ओळखायचे. सत्तेचाळीस किलोची काटक बाई, पदर खोचून झपाझप निघायची. अंगणवाडीची बाई असल्यामुळं गल्लीगल्लीत तिचं येणंजाणं. नवरा भाऊसो साखर कारखान्यात फिटर होता. तो म्हणायचा, "तुझ्यासंगं चालायचं तर मला सायकल काढाय लागती." लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पोरगा सूरज कॉलेजात गेला, तरी लग्नातला ब्लाऊज तिला बसायचा. वर्षातनं एकदा, घरात कुणी नसलं की, ती तो घालून बघायची आणि परत घडी करून ठेवायची. तिच्या वयाच्या बायका जिने चढताना धापा टाकायच्या तेव्हा तिला मनातनं बरं वाटायचं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

१९९८ चा पावसाळा सरता सरता आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. पुढचं सगळं इतक्या भराभरा झालं की तिला नंतर त्यातलं अर्धं आठवायचंही नाही. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, डावी छाती काढली. मग सहा वेळा सलाईनमधनं औषध. केस गेले, भुवया गेल्या. एप्रिल ते मे, पाच आठवडे, मिरजेच्या दवाखान्यात शेक घ्यायला जायचं ठरलं. शेक म्हणजे मशीनखाली दोन-चार मिनिटं पडून राहायचं. पण त्यासाठी रोज सकाळची पॅसेंजर आणि दुपारची परत.

तिथंच तिला अंबूबाई भेटली. नेसरीची शेतकऱ्याघरची बाई, मीनाबाईपेक्षा तीन-चार वर्षांनी थोरली, अंगानं भरलेली, आवाज असा की व्हरांड्याच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. शेकासाठी ती उचगावात भावाकडं येऊन राहिली होती आणि जवळच्या वळिवडे स्टेशनला गाडीत चढायची. तिलाही डाव्याच बाजूचं दुखणं. दोघींच्याही अंगावर शेकाच्या जागी जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या, दोघींच्याही डोक्याला रुमाल.

पहिल्या दिवशी अंबूबाईनं नाव विचारलं. "कांबळे" ऐकल्यावर ती जरा थांबली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तीन दिवस दोघींचे डबे वेगवेगळे उघडले. चौथ्या दिवशी अंबूबाईला अन्नाचा वास सोसेना, नुसतं लिंबाचं लोणचं खावंसं वाटायला लागलं, आणि लोणचं मीनाबाईच्या डब्यात होतं.

"दे की जरा, अक्का," ती म्हणाली.

मीनाबाईनं डबा पुढं सरकवला. त्या दिवसापासनं मीनाबाईची मीनाक्का झाली आणि अंबूबाईची अंबाक्का. पाच आठवडे त्या एका बाकावर बसून गेल्या आणि आल्या. शेवटच्या दिवशी वळिवड्याला उतरताना अंबाक्का म्हणाली, "तपासणीला एकाच तारखेला येऊ या. तू नसलीस तर मला त्या बाकड्यावर करमायचं न्हाई."

म्हणून त्या दर तीन महिन्यांनी एकाच तारखेला जाऊ लागल्या, आणि तिथूनच मीनाबाईच्या पोटात हेवा शिरला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वजनाचा काटा होता. डॉक्टरांकडं जायच्या आधी सिस्टर वजन करून कागदावर लिहायची आणि लिहिता लिहिता मोठ्यानं आकडा बोलायची. पहिल्या तपासणीला मीनाबाई छप्पन्न भरली. ती दचकली. सलाईनबरोबर दिलेल्या औषधांनी चेहरा सुजलाय, उतरेल, असं तिला वाटलं होतं. रोजची एक गोळी पाच वर्षं घ्यायची होती, तिनंही वजन वाढतं असं कुणीतरी म्हणालं. पाळी बंद झाली. बसल्या बसल्या अंगाचा भडका व्हायचा, घामानं पाठ भिजायची. पुढच्या तपासणीला एकसष्ट. त्याच्या पुढच्या वेळी सहासष्ट.

आणि तिच्या मागून अंबाक्का काट्यावर चढायची. बासष्ट. साठ. अठ्ठावन्न.

मीनाबाई तोंडानं म्हणाली, "बरं झालं, उतरलीस." पण परतीच्या गाडीत ती तिच्याकडं चोरून बघत राहिली. अंबाक्काचे केस परत आले होते, दाट आणि कुरळे, पहिल्यापेक्षा छान. हनुवटी दिसायला लागली होती. गळा लांब वाटत होता. मीनाबाईच्या डोक्यावर मात्र विरळ, करडे केस उगवले होते, आणि डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सुजून उशीसारखा झाला होता. त्या हातात निळ्या काचेच्या बांगड्या चढत नव्हत्या म्हणून तिनं उजव्या हातातल्याही काढून टाकल्या होत्या.

एकच दुखणं, एकच डॉक्टर, एकाच रंगाची गोळी. मग हिचं उतरतं आणि आपलं चढतं, ते का? मी भात सोडला. ही तर म्हणते, सकाळी तूप-भाकरी खाल्ली. हिशोब कुठं चुकतोय?

तिनं अंग कष्टवायला कमी केलं नव्हतं. रोज पहाटे उठून ती राजाराम बंधाऱ्यापर्यंत चालत जायची आणि यायची. कारखाना चालू असला की मळीचा उग्र वास सगळ्या रस्त्यावर पसरलेला असायचा. नाकाला पदर लावून ती चालायची. अर्धी भाकरी, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. भाऊसो ताटाकडं बघून म्हणायचा, "एवढ्यावर माणूस राहतं व्हय?" ती म्हणायची, "तुमचं तुम्ही जेवा." एकदा तर तो शेजारच्या घरी मटण झालं म्हणून वाटीभर पांढरा रस्सा घेऊन आला. ती वाटीकडं बघून रडायलाच लागली. भाऊसोला काय चुकलं ते कळेना. त्यानं वाटी परत नेऊन दिली.

लोक बोलायचे. मुद्दाम दुखवायला नव्हे, पण बोलायचे. समोरची धोंडुबाई एकदा दारातनं म्हणाली, "मीना, तब्येत चांगली झाली की गं. आमच्या चुलत्याला कॅन्सर झालता, शेवटी नुसती काटकी उरलती. तुझं बघ, बाळसं आलंय." आणि मग आवाज बारीक करून, "खरंच कॅन्सरच हुता नव्हं? का डॉक्टरनं उगंच कापलं?"

मीनाबाई आत गेली. पदराखाली एका बाजूला सपाट झालेली छाती धोंडुबाईला दाखवावी की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

आजारी म्हणून कुणी तिच्यासाठी बसमध्ये जागा सोडत नव्हतं. अंबाक्कासाठी सोडत. मिरज स्टेशनवर एकदा एका पोरानं अंबाक्काच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "मावशी, दमलाय, बसा." मीनाबाई शेजारीच उभी होती, तिच्या सुजलेल्या हातात तिची स्वतःची पिशवी होती. अंबाक्का बसली आणि सरकून म्हणाली, "ये, तू पण बस." बाकड्यावर उरलेल्या जागेत मीनाबाई मावली नाही.

चौदा एप्रिलला बावड्यात मिरवणूक निघायची आणि वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून पुढं चालायच्या. २००० साली मीनाबाईनं पांढरा ब्लाऊज काढला तर तो दंडातच अडकला. शिवण उसवून, खाली दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडून तिनं तो घातला आणि पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतला. फोटो काढायच्या वेळी ती आपण होऊन मागच्या रांगेत गेली. पुढं शेजारच्या घरची प्रीती नावाची नवी सून उभी होती, शेलाटी, हसरी. तिच्याकडं बघताना मीनाबाईच्या मनात आलं, 'थांब, तुझंही वय होईल.' आणि लगेच आपलीच लाज वाटली. जयभीमचा घोष चालू होता आणि आपण कशाचा विचार करतोय.

सगळ्यात वाईट अंगणवाडीत वाटायचं. महिन्याच्या महिन्याला ती पोरांना झोळीत घालून काट्याला टांगायची. पोर दोनशे ग्रॅमनं वाढलेलं दिसलं की आई हरखून जायची. मीनाबाईच तिला शिकवायची, "वजन चढायला पाहिजे बरं का, चढतंय तोवर काळजी न्हाई." हे शब्द तोंडातनं जाताना तिच्या स्वतःच्या कानाला खोटे वाटायचे.

फेब्रुवारी २००१ च्या तपासणीला मीनाबाई एकाहत्तर भरली. अंबाक्का त्रेपन्न.

सिस्टरनं दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. व्हरांड्यातली माणसं दोघींकडं बघायला लागली असं मीनाबाईला वाटलं. कदाचित कुणी बघितलंही नसेल. दोघी बाकावर जाऊन बसल्या. अंबाक्काचा ब्लाऊज खांद्यावर सैल झाला होता. ती कमरेवर हात ठेवून जरा वाकडी बसली होती.

"भूकच लागंना बघ, अक्का," ती म्हणाली. "सून ताट वाढून देती, दोन घास खाल्लो की बास वाटतंय."

मीनाबाईला वाटलं, ही मिरवतेय. भूक लागत नाही म्हणे! इथं उपाशी पोटी बंधारा गाठायचा आणि हिला म्हणे भूकच नाही.

"नशीब लागतं," ती म्हणाली.

अंबाक्कानं कमरेवरचा हात दाबला. मग म्हणाली, "आणि ही कंबर. महिना झाला दुखतीया. रात्री कूस बदलता येत न्हाई. डॉक्टरला सांगू काय गं?"

तेव्हा मीनाबाईनं जे उत्तर दिलं ते तिला जन्मभर पुरलं. तिला ठाऊक होतं. नवं दुखणं काहीही असो, सांगायचं, असं डॉक्टरांनी दोघींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण त्या क्षणी तिला फक्त तो सैल ब्लाऊज दिसत होता.

"एवढ्या-तेवढ्यासाठी काय सांगतीस? रानात भांगलण करतीस, कंबर दुखणारच. गरम पाण्याचा शेक घे."

"व्हय म्हणा," अंबाक्का म्हणाली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती कंबर धरून उठली.

मे महिन्याच्या तपासणीला अंबाक्का आली नाही. मीनाबाई बाकावर एकटी बसली. काट्यावर बहात्तर भरले, तरी शेजारी तुलना करायला कुणी नव्हतं म्हणून तिला एकाएकी हलकं वाटलं. औषधाच्या खिडकीपाशी मात्र तिला अंबाक्काचा नवरा गणपतराव दिसला. उंच माणूस, हातात चिठ्ठी, खिडकीतल्या पोराला तेच तेच विचारत होता.

"अंबाक्का कुठाय, भाऊ?"

गणपतराव तिच्याकडं बघत राहिला. ओळख पटायला वेळ लागला.

"हाडात उतरलंय म्हणत्यात," तो म्हणाला. "मणक्यात. आणि लिव्हरातबी असंल म्हणे. उठता येत न्हाई तिला. मी गोळ्या न्यायला आलोय."

तो आणखी काहीतरी बोलत होता, पण मीनाबाईच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. कंबर.

परतीच्या गाडीत ती एकटीच बसली. आपण तिला शेक घ्यायला सांगितलं. डॉक्टरला सांगू नको म्हणालो. कशापायी, तर ती बारीक झाली होती म्हणून. आणि ती बारीक का झाली होती, तर याच्यामुळं. म्हणजे इतके दिवस आपण ज्याचा हेवा करत होतो ते तिचं नशीब नव्हतंच, दुखणं होतं. तिनं घरी आल्यावर भाऊसोला फक्त एवढंच सांगितलं की अंबाक्काचं जास्त आहे. तो म्हणाला, "मग भेटून ये की." ती हो म्हणाली आणि महिनाभर गेली नाही.

महिन्यानं गेली. गडहिंग्लजला एसटी बदलून दुपारी नेसरीत उतरली. घर विचारत विचारत पोचली. अंबाक्काची लेक तेजस्वी, अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, दारात आली आणि तिला आत घेऊन गेली.

अंबाक्का खाटेवर उशीला टेकून होती. तिची गळ्याखालची हाडं वर आली होती, मनगटं पोरासारखी झाली होती. आणि मीनाबाईच्या मनात पहिल्या क्षणी काय आलं असेल? हेच, की माझी गळ्याची हाडं मी तीन वर्षं बघितली नाहीत. एकच क्षण. पण आलं. मग तिला तिची स्वतःचीच इतकी घाण वाटली की ती दारातच थांबली.

"ये की आत," अंबाक्का म्हणाली. आवाज खाली गेला होता, पण तोच होता. "तिथं काय उभी राहिलीस? मी काय चावतो?"

तेजस्वीनं चहा आणून दिला आणि ती मागं परड्यात गेली. मीनाबाईनं कप खाली ठेवला.

"अंबाक्का, त्या दिवशी तू कंबरेचं विचारलीस. मी सांगू नको म्हणालो."

"म्हणालीस की."

"मी मुद्दाम म्हणालो. म्हणजे... तू बारीक होत चाललीस ते मला बघवंना. मला काय कळंनाच झालं. तू सांगितली असतीस तर..."

अंबाक्काच्या ओठाचा कोपरा हलला.

"मी सांगिटलो की."

"काय?"

"डॉक्टरला. आत गेल्या गेल्या सांगिटलो. त्यानं त्याच दिवशी मणक्याचा फोटो काढायला लावला, तवाच कळलं. तू न्हाई म्हटलीस म्हणून गप बसायला तू काय माझी सासू हाईस?"

मीनाबाईला हसू आलं की रडू ते तिलाच कळलं नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलला खरा, पण खालची जागा तशीच ठणकत राहिली. मीनाबाई दोषातनं वाचली ते अंबाक्कानं तिचं ऐकलं नाही म्हणून. तिनं मात्र नको ते सांगितलंच होतं.

"मग मला का न्हाई सांगितलीस?"

अंबाक्कानं डोकं उशीवर टेकवलं.

"तुझं वजन चढत हुतं," ती म्हणाली. "तू काट्यावरनं उतरून तोंड पाडून बसायचीस. मला वाटायचं, हिच्या दोन थोबाडीत माराव्यात. मी दूध प्यायचो, तूप खायचो, पाव किलो धरायचं न्हाई अंगाला. सिस्टर एकाहत्तर म्हणाली तवा म्हटलं, हिला लागलंय, ही जगतीया. मला न्हाई लागत. तुझ्याशी गोड बोलायला जिवावर यायचं मला."

"तुला माझा हेवा वाटायचा?"

"तर काय. तू एवढी धडधाकट, लालबुंद. देवाला म्हणायचो, त्या बावड्याच्या बाईतलं दहा किलो मला दे, तिला काय फरक पडतोय."

"दिलं असतं," मीनाबाई म्हणाली. "पंधरा दिलं असतं."

यावर मात्र दोघी हसल्या. अंबाक्काला हसताना कंबरेत कळ आली आणि तिनं मीनाबाईचा हात घट्ट धरला. तो सुजलेलाच हात होता. कळ जाईपर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि मीनाबाईनंही दुखतंय असं म्हटलं नाही.

त्यानंतर मीनाबाई आणखी तीनदा नेसरीला गेली. प्रत्येक वेळी लिंबाचं लोणचं घेऊन जायची; अंबाक्का बोटाला लावून चाटायची. २००२ च्या जानेवारीत अंबाक्का गेली. गणपतरावानं निरोप धाडला तोवर सगळं उरकलं होतं.

आपल्यातला हेवा त्याबरोबर संपला, असं मीनाबाई कधी म्हणाली नाही. संपला नव्हताच. २००४ साली डॉक्टरांनी गोळी बंद केली तेव्हा तिला वाटलं, आता तरी उतरेल. दोन किलो उतरले आणि दिवाळीपर्यंत परत आले. बंधाऱ्याचं चालणं तिनं सोडलं नाही, पण भात परत सुरू केला. भाऊसोनं त्या दिवशी स्वतः कुकर लावला आणि तिच्याकडं न बघता दोनदा वाढलं. तिनं सहा नवे ब्लाऊज शिवून घेतले, डावी बाही मोठी ठेवून, आणि लग्नातला ब्लाऊज शेजारच्या प्रीतीला देऊन टाकला. तो प्रीतीला नीट बसला तेव्हा मीनाबाईला जरा टोचलंच. तरी ती म्हणाली, "छान दिसतंय."

२००५ च्या मे महिन्यात तेजस्वीचं लग्न ठरलं. गणपतराव स्वतः पत्रिका घेऊन बावड्यात आला, गुळाची एक ढेप घेऊन. मीनाबाई आणि भाऊसो नेसरीला गेले. मांडवात कुणाला ती ठाऊक नव्हती. एका म्हातारीनं विचारलं, "पावणं, तुम्ही कुणाकडच्या?" मीनाबाई म्हणाली, "अंबाक्काच्या."

तेजस्वी हळदीनं पिवळी झाली होती. आईचेच दाट केस, आईचीच मोकळी हसण्याची तऱ्हा, आणि अंगानं शिडशिडीत. तिला बघताना जुनी कळ परत उठली, थोडीशी. मीनाबाईनं ती उठू दिली. मग पोरगी पाया पडायला वाकली तेव्हा तिनं तिला दंडाला धरून मांडवाच्या कडेला नेलं.

"एक गोष्ट सांगतो, ध्यानात ठेव," ती म्हणाली. "दर वर्षी तपासून घ्यायचं. आणि कधी कुठं गाठ लागली, दुखलं, भूक मेली, तर कुणाला विचारत बसायचं न्हाई. सासूला न्हाई, नवऱ्याला न्हाई. मला तर अजिबात विचारू नको. सरळ डॉक्टरकडं जायचं."

"आजच्या दिवशी हे काय मावशी?" तेजस्वी हसत म्हणाली.

"आजच सांगतो. उद्या तू सासरी जाशील. डॉक्टरकडं जाशील का न्हाई, बोल."

"जाईन."

"घे माझी शपथ."

तेजस्वीनं शपथ घेतली. मांडवातनं कुणीतरी तिला हाक मारली आणि ती पळत गेली. मीनाबाई तिथंच खांबाला टेकून, पंक्ती बसेपर्यंत तिच्याकडं बघत उभी राहिली.